माहितीची वकिली

शाळेत तुमचे नाव प्रथम दाखल झाले तो दिवस तुम्हांला आठवत नसेल. परंतु शाळेला तो आठवतो. शाळेच्या कचेरीत एक जाडजूड, कापडी बांधणीची वही असते. तिला जनरल रजिस्टर म्हणतात. तुमचे संपूर्ण नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, धर्म, जात, पूर्वीची शाळा अशा कितीतरी गोष्टी तिच्या रकान्यांत लिहिलेल्या असतात. मुख्याध्यापक म्हणून चौदा वर्षे ते रजिस्टर माझ्या ताब्यात होते. त्याच्या कपाटाची किल्ली मी जिवापाड जपत असे. आणि तरीही मुलांची माहिती एकदा माझ्याच हातून बाहेर गेली. एका नव्या प्रकारच्या वकिलीची ओळख मी तुम्हांला करून देणार आहे. पण त्यापूर्वी ती हकीगत सांगणे मला भाग आहे.

झाले ते असे. एका खाजगी शिकवणीवर्गाचे चालक मला भेटावयास आले. गृहस्थ बोलण्याचालण्यात सभ्य होते. शाळेच्या ग्रंथालयाला त्यांनी काही पुस्तके भेट दिली आणि जाता जाता दहावीच्या मुलांची नावे, पत्ते व पालकांचे फोन नंबर मागितले. "मुलांच्या हिताचेच आहे," असे ते म्हणाले. मलाही तसेच वाटले. मी लेखनिकाला यादी करून देण्यास सांगितले. पुढे आठ दिवस मुलांच्या घरोघरी सकाळ-संध्याकाळ फोन वाजू लागले. दहाव्या दिवशी एक पालक शाळेत आले. ते शेतमजूर होते. त्यांनी दिलेला नंबर त्यांचा स्वतःचा नव्हता; शेजारच्या किराणा दुकानदाराचा होता. मूल आजारी पडले तर शाळेने कळवावे, एवढ्यासाठी त्यांनी दुकानदाराचे मन वळवून तो नंबर मिळवला होता. रोजच्या फोनांना कंटाळून दुकानदाराने आता त्यांचे निरोप घेण्याचेच बंद केले होते. ते रागावले नाहीत. खुर्चीवर न बसता एवढेच म्हणाले, "सर, हा नंबर मी शाळेला दिला होता."

मला उत्तर सुचले नाही. यादी परत मागवण्याचा मी प्रयत्न केला. पण कागद परत आला तरी कागदावरचे परत येते थोडेच? तोवर ती यादी आणखी कोणाकोणाच्या हाती गेली होती, हे कोणीच सांगू शकले नाही.

"शाळेला दिला होता" हे त्या पालकाचे शब्द पुढे बरीच वर्षे माझ्या मनात राहिले. एका कामासाठी विश्वासाने दिलेली माहिती दुसऱ्या कामासाठी वापरली जाऊ नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. याच गोष्टीवर कायद्याची एक संपूर्ण शाखा उभी आहे आणि तिचा अभ्यास करणारे वकील आहेत, हे मला फार उशिरा कळले. कळले तेही माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीकडून. तिचे नाव मी येथे देत नाही. तिला न विचारता ते छापले, तर तिच्याच विद्येचा अपमान होईल.

वकील म्हटला की काळा कोट, गळ्याशी पांढरी पट्टी आणि न्यायाधीशांपुढे रंगलेला युक्तिवाद आपल्या डोळ्यांसमोर येतो. माझ्या या विद्यार्थिनीपाशीही काळा कोट आहे; परंतु तो कपाटातून फार थोड्या वेळा बाहेर निघतो. बारावीनंतर पाच वर्षे कायद्याचे शिक्षण घेऊन तिने सनद मिळवली आणि ती मुंबईस काम करू लागली. संगणकाची विद्या मात्र तिला कोणत्या महाविद्यालयाने दिली नाही. अभियंत्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसायचे आणि "मला समजले नाही, पुन्हा सांगा" असे न लाजता म्हणायचे, अशा रीतीने ती ते शिकली. (माझ्या वर्गातही ती हेच म्हणे, आणि तिसऱ्या वेळी मी चिडत असे, हे कबूल केले पाहिजे.)

एका रविवारी ती वाईस माझ्या घरी आली. हातात चार छापील पाने होती. "सर, यातले मराठी तपासून हवे आहे," ती म्हणाली. पहिल्याच परिच्छेदात असे वाक्य होते : 'आपणांद्वारे प्रदत्त करण्यात आलेल्या पाल्यविषयक वैयक्तिक माहितीचे संस्करण सेवापूर्ती, सेवासुधारणा इत्यादी प्रयोजनार्थ करण्यात येईल.' मी ते दोनदा वाचले. व्याकरणाची चूक एकही नव्हती. तसे मी तिला सांगितले.

"आणि अर्थ, सर?"

मराठी विषय घेऊन एम. ए. झालेल्या माणसाला त्या प्रश्नाने जरा खजील केले.

ती पाने एका कंपनीची होती. कंपनीच्या नावावर तिने काळी शाई फिरवून आणली होती, कारण अशिलाची गोष्ट वकील चारचौघांत सांगत नाही. शाळेची बस या क्षणी कोठे आहे, हे पालकांना मोबाइलवर दाखवावे, असा त्या कंपनीचा व्यवसाय होता. बस येण्यास उशीर झाला की आई-वडिलांचा जीव कसा टांगणीला लागतो, हे तुम्ही जाणता. तेव्हा कंपनीचे काम चांगलेच होते. मग त्यात वकिलाचे काय काम?

तिने माझ्या मेजावरचा एक कोरा कागद ओढला आणि त्यावर बसचे चित्र काढले. बसपासून शाळेकडे एक बाण, शाळेपासून कंपनीच्या संगणकाकडे दुसरा, तेथून पालकांच्या मोबाइलकडे तिसरा, आणि एक बाण थेट समुद्रापलीकडे. "तेथे काय आहे?" मी विचारले. "कंपनीने माहिती साठवण्यासाठी भाड्याने घेतलेली जागा," ती म्हणाली. कोणतेही काम हाती आले की ती प्रथम असा नकाशा काढते. माहिती कोठून निघते, कोणाकोणाच्या हातांतून जाते, कोठे मुक्काम करते आणि शेवटी पुसली जाते की नाही, हे पाहते. कायद्याची पुस्तके त्यानंतर उघडायची. कित्येकदा कंपनीच्या चालकांनाही आपल्याच घरातील हे सगळे बाण ठाऊक नसतात.

मग प्रश्न सुरू होतात. कंपनीच्या अर्जात मुलाचे नाव, इयत्ता, बसचा थांबा व पालकांचा फोन नंबर विचारला होता. ते ठीकच होते. परंतु त्याखाली जन्मतारीख, रक्तगट, पालकांचा व्यवसाय आणि घरचे उत्पन्न यांचेही रकाने होते. उत्पन्न कशाला? चालकांनी उत्तर दिले, "असू द्या, कधीतरी उपयोगी पडेल." ती म्हणाली, "सर, माझ्या धंद्यात हे वाक्य मी सर्वांत जास्त वेळा ऐकते." आपल्या जुन्या घरांत माळ्यावर कधीतरी उपयोगी पडणाऱ्या वस्तूंची अडगळ असे, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की माळ्यावरची फुटकी समई चोरीला गेली तर कोणाचे काही बिघडत नाही. रक्तगटाविषयी मात्र ती बराच वेळ अडली होती. अपघात झाला तर त्याचा उपयोग होईल, असे कंपनीचे म्हणणे. पण रक्त देण्यापूर्वी रुग्णालय रक्तगट स्वतः तपासतेच. आणि शाळेपाशी ती नोंद असतेच. मग आणखी एका ठिकाणी ती कशाला? अखेर चार रकाने राहिले, बाकीचे गळले.

यात एवढे घाबरण्यासारखे काय, असे तुम्हांला वाटेल. मीही तिला तेच विचारले. तिने कागदावर तीन शब्द लिहिले : नाव, थांबा, वेळ. नुसत्या नावावरून काही कळत नाही. नुसत्या थांब्यावरूनही नाही. पण तिन्ही एकत्र आली की आठ वर्षांची अमुक मुलगी रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी अमुक कोपऱ्यावर उभी असते, हे कोणाही परक्या माणसाला घरबसल्या समजते. मी त्या कागदाकडे पाहतच राहिलो. माझ्या हातून गेलेल्या यादीत पत्तेही होते.

आता या वकिलांच्या हाती जो कायदा आहे, त्याची थोडी पूर्वपीठिका सांगतो. आपल्या राज्यघटनेत खासगीपणाचा हक्क असा शब्द कोठेही नाही. १९५४ साली आठ न्यायाधीशांपुढे झडती व जप्तीसंबंधीचा एक खटला चालला; त्या निकालात खासगीपणाला घटनेचा आधार नसल्याचे म्हटले गेले. १९६२ साली खडकसिंग नावाच्या इसमाचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी तो सुटला होता. तरी उत्तर प्रदेशचे पोलीस त्याच्यावर पाळत ठेवीत आणि रात्री-अपरात्री त्याचे दार ठोठावीत. रात्रीचे ते दार ठोठावणे न्यायालयाने बेकायदा ठरवले. मात्र खासगीपणा हा घटनेने दिलेला हक्क नव्हे, असेही बहुमताने सांगितले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळे मत नोंदवले होते. ते त्या वेळी अल्पमतात राहिले.

पुढे काळ बदलला. २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या लहानशा गावी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. बारा आकड्यांच्या या क्रमांकासाठी दहाही बोटांचे ठसे आणि दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा घेतली जाते. ज्यांच्यापाशी ओळखीचा एकही कागद नव्हता, अशा गोरगरिबांची त्यामुळे मोठी सोय झाली. पण घराचे कुलूप मोडले तर नवे आणता येते. बोटाचा ठसा चोरीला गेला तर नवे बोट कोठून आणावयाचे? के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते. २०१२ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी, त्यांनी या योजनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. आयुष्यभर इतरांच्या याचिका ऐकलेला तो वृद्ध माणूस स्वतः याचक म्हणून न्यायालयाच्या दारी उभा राहिला, हे मला विशेष वाटते.

सरकारी पक्षाने ते दोन जुने निकाल पुढे केले : हा हक्कच घटनेत नाही, तर तो मोडला कसा? आठ न्यायाधीशांचा निकाल बदलावयाचा तर निदान नऊ बसले पाहिजेत. म्हणून २०१७ च्या जुलै महिन्यात नऊ न्यायाधीशांचे पीठ बसले. एका बाजूने गोपाल सुब्रमण्यम, श्याम दिवाण आदी वकील उभे राहिले. सरकारच्या बाजूने महान्यायवादी के. के. वेणुगोपाल. २४ ऑगस्ट २०१७ रोजी निकाल लागला. तो ५४७ पानांचा आहे. सहा न्यायाधीशांनी आपापली निकालपत्रे स्वतंत्र लिहिली, परंतु निष्कर्ष नवांचाही एकच निघाला : खासगीपणा हा जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. या पीठावर नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे होते आणि न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते. चंद्रचूडांच्या निकालपत्रात आणखी एक गोष्ट घडली. आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, स्थानबद्ध माणसाला न्यायालयाकडे दाद मागता येणार नाही असा निर्णय बहुमताने झाला होता, आणि त्या बहुमतात त्यांचे वडील न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. तो निर्णय सदोष होता, असे मुलाने आपल्या निकालपत्रात लिहून तो रद्द ठरवला.

आधार योजनेचा मूळ खटला त्यानंतर ३८ दिवस चालला. २६ सप्टेंबर २०१८ रोजी न्यायालयाने योजना बहुमताने कायम ठेवली. मात्र तिच्या मर्यादा आखून दिल्या. शाळेत प्रवेश देण्यासाठी मुलांवर आधारची सक्ती करता येणार नाही, ही त्यांपैकी एक.

न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ साली कायद्याचा मसुदा सरकारला सादर केला. पुढे पुष्कळ खल होऊन, एक विधेयक मागेही घेतले जाऊन, अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि मुख्य कर्तव्ये लागू होण्यापूर्वी कंपन्यांना तयारीसाठी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. सरकारने स्वतःसाठी यात फार सवलती ठेवल्या आहेत, अशी टीका जाणकारांनी केली आहे. मला ती अगदीच निराधार वाटत नाही. तथापि भाषेच्या शिक्षकाला या कायद्यातील एक गोष्ट आवडली. आजवर आपले कायदे कोणाही माणसाचा उल्लेख इंग्रजीत 'तो' असा करीत. त्यातच 'ती' आली असे समजावयाचे. या कायद्यात सर्वत्र 'ती' आहे, आणि 'तो' तिच्यात आला.

या कायद्याप्रमाणे माहिती घेण्यापूर्वी संमती घ्यावी लागते. ही संमती मोकळ्या मनाने, समजून-उमजून, एका ठरावीक कामापुरती दिलेली असली पाहिजे; आणि ती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे. कायद्यातच एक उदाहरण दिले आहे. घरबसल्या वैद्यकीय सल्ला देणाऱ्या एका सेवेने रुग्णाच्या माहितीबरोबर तिच्या मोबाइलमधील सर्व नंबरांची यादीही मागितली, आणि तिने दोहोंना होकार दिला. तरीही तो होकार सल्ल्यापुरताच धरला जाईल. कारण औषध सांगण्यासाठी डॉक्टरांना तिच्या मावशीचा नंबर लागत नाही. (मावशी माझी, कायद्यात ती नाही.)

तुमच्यासाठी तर वेगळे कलम आहे. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घ्यावयाची तर आई-वडिलांची खातरजमा केलेली संमती लागते. मुलांच्या मागावर राहणे, त्यांच्या सवयी टिपून ठेवणे व त्यांना हेरून जाहिराती दाखवणे यांना मनाई आहे. शाळेत जाता-येताना सुरक्षिततेपुरता मुलांचा ठावठिकाणा पाहण्यास नियमांनी मोकळीक दिली आहे. बसच्या कंपनीचा व्यवसाय या मोकळिकीवरच चालतो. म्हणून मूल घरी पोहोचले की टिपणे थांबले पाहिजे, असे तिने अभियंत्यांकडून यंत्रातच करून घेतले. नुसते कागदावर लिहून ती थांबली नाही.

तिचे सर्वांत अवघड काम मात्र रात्रीचे. कोठेतरी संगणकातील माहिती चोरीला जाते आणि बाराच्या पुढे तिचा फोन वाजतो. पलीकडून बहुधा पहिला प्रश्न येतो, "हे कोणाला कळवलेच पाहिजे काय?" कळवलेच पाहिजे. ज्यांची माहिती गेली त्या प्रत्येकाला विनाविलंब सांगावे लागते, आणि सविस्तर अहवाल ७२ तासांच्या आत डेटा संरक्षण मंडळाकडे द्यावा लागतो. माहितीची नीट राखण केली नाही असे ठरले, तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ती अभियंत्यांना विचारत बसते : किती माणसांचे काय गेले? संकेतशब्द जसेच्या तसे ठेवले होते, की उलगडता येणार नाहीत अशा रूपात? आणि मग अशिलाला, ज्याच्याकडून ती फी घेते त्याच अशिलाला, नको असलेला सल्ला देते. वकील अशिलाचा असतो, हे खरे. दडवादडवीसाठी आपली बुद्धी विकणारेही या धंद्यात असतील. पण रात्री दोन वाजता अशिलाला "नाही" म्हणू शकतो, तोच खरा त्याचा वकील, असे तिचे मत आहे.

तर आता त्या चार पानांकडे वळू. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी आपल्याला हव्या त्या भाषेत सूचना वाचण्याची सोय कायद्याने दिली आहे. म्हणून ते मराठी. आम्ही दोघे दुपारभर बसलो. 'प्रदत्त' गेले, 'संस्करण' गेले, 'प्रयोजनार्थ' जाताना मला थोडे वाईट वाटले. 'इत्यादी'पाशी ती थांबली. "सर, निबंधात तुम्ही हा शब्द लाल शाईने खोडत होता. ज्याला पुढे काय लिहावे सुचत नाही तो इत्यादी लिहितो, असे म्हणायचा."

"मग?"

"येथे उलटे आहे. पुढे काय करायचे हे ज्याला पक्के ठाऊक असते, तो इत्यादी लिहितो." तिने तो शब्द खोडला.

संध्याकाळी कंपनीच्या चालकांचा फोन आला. तेवढा एक शब्द राहू द्या, पुढे आम्ही काही नवे काढले तर पंचाईत नको, असे ते म्हणत असावेत; कारण ती म्हणाली, "नवे काढाल, तेव्हा नव्याने विचारा." पलीकडचे बोलणे बराच वेळ चालले. शेवटी तिने फोन ठेवला आणि सुधारलेले वाक्य मला मोठ्याने वाचावयास सांगितले. मी वाचले :

'बस कोठे आहे हे तुम्हांला कळावे, एवढ्यासाठीच आम्ही तुमच्या मुलाचे नाव, इयत्ता, थांबा आणि तुमचा फोन नंबर ठेवतो. तुमच्या मुलाने शाळा सोडली की आम्ही ते पुसून टाकतो.'